साळवेबाईंचा चहा

साळवेबाईंना चहा लय आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की त्यांना चहाचं वावडं होतं. आमच्या झरीच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या त्यांच्याकडे भाड्यानं होत्या. मधल्या भिंतीतून मला रोज सकाळी पातेल्याचा आवाज यायचा, मग आलं ठेचल्याचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तेव्हा समजायचं, बाई चहा पीत बसल्या. साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी साखर तोडली, तर बिनसाखरेचा प्यायला लागल्या. बशीत ओतून, फुंकर घालून, डोळे मिटून.

"बाई, आता त्यात काय चव राहिली?" मी म्हणायचे.

"चव न्हाई मावशी, सवय हाय. नवऱ्यासारखं."

त्यांचे मिस्टर वारून बरीच वर्षं झाली होती, तरी बाई त्यांच्याबद्दल असं बोलायच्या की जसं ते आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेत आणि सगळं ऐकायलेत.

खोली बघायला आल्या तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. हातात छत्री, खांद्याला फुगलेली पर्स, पायात पुरुषी सँडल. ओट्यावर बसल्या आणि भाड्याचं विचारायच्या आधी म्हणाल्या, "आमी बौद्ध हाव. आधी सांगितल्यालं बरं. मागच्या गावात आधी खोली मिळाली, मग त्यांला आडनाव कळलं, मग ती खोली एकाएकी घरमालकाच्या जावयाला लागली."

मी म्हटलं, "मला जावई न्हाई. दोन्ही पोरंच हायत."

आत जाऊन चहा टाकला. आम्ही पितो त्याच कपात दिला. बाईंनी कप हातात घेऊन एकदा फिरवून बघितला आणि प्यायल्या. मग म्हणाल्या, "पत्ती जास्त झाली." तेव्हापासून आमचं जमलं. मी काही शिकलेली बाई नाही. पोरांच्या पुस्तकांवरनं, पुड्यांच्या कागदांवरनं माझं मीच वाचायला शिकले. बाईंना ते कळल्यावर त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न अजिबात केला नाही. जुनं पेपर मात्र रोज माझ्याकडे टाकायच्या.

तर अशी ही चहाची बाई शिक्षण खात्याच्या मोठ्या ऑफिसात गेली की चहाला हात लावायची नाही.

बाई शिक्षकांच्या संघटनेत होत्या. अध्यक्ष, सचिव असलं पद त्यांनी कधी घेतलं नाही, पण साहेबांबरोबर बैठक म्हटली की सगळे त्यांनाच पुढे करायचे. भाषण त्यांना जमायचं नाही. माईक दिसला की खोकला यायचा. त्यांना जमायचं ते बसणं. चिडल्यालं माणूस साहेबाला आवडतं, असं त्या म्हणायच्या, कारण त्याला बाहेर काढता येतं. थकल्यालं माणूस खुर्ची सोडत नाही, मग त्याचं काय करणार? म्हणून बाई थकूनच जायच्या. वस्तीवरची शाळा सुटली की जीपनं परभणी, ऑफिसात जाऊन बसायच्या, साहेबांना वेळ होईपर्यंत बाकावर पोरांच्या वह्या तपासायच्या.

चहाचा नेम नोकरीच्या सुरुवातीला पडला. एका शिक्षिकेची बाळंतपणाची रजा अडवून ठेवली होती, म्हणून बाई तिच्या वतीनं बोलायला गेल्या. तेव्हाचे साहेब गोड माणूस. त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, गाव कोणतं विचारलं, वडील काय करायचे विचारलं. बाईंनी चहा प्याला, बिस्कीट खाल्लं, आणि मग तोंड उघडेना.

"ज्याचं बिस्कीट अजून दाढेत हाय, त्याला वाकडं कसं बोलायचं?" असं मला त्यांनी सांगितलं. "तशीच नमस्कार करून उठून आले. ती बाई बाहेर पोट धरून उभी. तिला काय सांगू, चहा चांगला व्हता?"

तेव्हापासून आधी बोलणं, मग चहा. मागणी मान्य झाली की कप उचलायचा. नाहीतर वर साय धरली तरी तो टेबलावर तसाच. साहेब बदलत गेले, पण प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत हे कळायचं. बाहेरच्या लोकांना तर पाठच झालं होतं. ऑफिसातले शिपाई शेखभाई ट्रे घेऊन बाहेर आले की व्हरांड्यातले सगळे मास्तर माना लांब करून बघायचे. रिकाम्या कपांत एक भरलेला दिसला की समजायचं, अजून अडलंय. सगळे रिकामे असले की कुणीतरी पेढ्यांना पळायचं. साहेबांची सही मागाहून व्हायची, बातमी कपावरून आधी कळायची.

बैठकीच्या आदल्या दिवशी बाई आमच्या ओट्यावर तालीम करायच्या.

"मावशी, तुमी साहेब व्हा."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"त्यांला तरी काय येतंय. खुर्चीत बसायचं, घड्याळाकडं बघायचं, आणि मी काईबी म्हणलं की म्हणायचं, निधी न्हाई."

मी बसायचे. हातात तांदळाचं ताट असायचं ते बाजूला ठेवायचे, कारण साहेब तांदूळ निवडत नाहीत. बाई खाली ओट्याच्या पायरीवर बसायच्या आणि हळू आवाजात सुरू करायच्या. अमुक शाळेत पाणी नाही, तमुक बाईची बदली सत्तर किलोमीटर लांब केली, तिची सासू अंथरुणाला खिळलीय. मी म्हणायचे, निधी न्हाई. त्या परत पहिल्यापासून सांगायच्या, त्याच आवाजात, एक शब्द न वाढवता. तिसऱ्या खेपेला मला राहवायचं नाही. "अवं, द्या की त्या बाईला गावाजवळची शाळा, काय जायलंय तुमचं?" असं मी साहेब असूनच बोलून जायचे.

बाई कपाळाला हात लावायच्या. "मावशी, तुमी लय लवकर फुटता. असा साहेब मला जन्मात मिळायचा न्हाई."

आता त्या शेवटच्या वर्षाचं सांगते. बाईंना रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. वस्तीवरच्या शाळेत दोनच बायका, एक साळवेबाई आणि दुसरी रेखा. रेखा पाथरीकडची, नवऱ्याचा पत्ता नाही, पदरात दोन वर्षांची पोरगी. शिकवायला चांगली होती, पण कंत्राटावर. तिच्यासारख्यांचा करार दरवर्षी संपायचा आणि दरवर्षी नव्यानं व्हायचा. प्रत्येक उन्हाळ्यात ती अशी बारीक व्हायची की जणू निकाल पोरांचा नसून तिचा लागणार आहे.

त्या वर्षी वरून पैशाला कात्री लागली. लहान शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या आणि कंत्राटी शिक्षकांचे करार पुढे करायचे नाहीत, असं ठरायला लागलं. संघटनेनं धरण्याची हाक दिली. पण आतली गोष्ट वेगळी होती. एका रविवारी अध्यक्ष कदम सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. वाईट माणूस नव्हे, पण घाई लय. त्यांनी सांगितलं की कायम नोकरीवाल्यांना जवळच्या शाळा द्यायला साहेब तयार आहेत, फक्त कंत्राटी लोकांचा विषय ताणू नये.

"बाई, सगळंच धरून बसलो तर हातात कायच येणार न्हाई. थोडं सोडावं लागतंय."

बाई बशीतला चहा फुंकत होत्या. "वर्गातली पाच लेकरं कच्ची निघाली तर तुमी त्यांला गेटाबाहेर काढता का, सर?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तुमी वर्षभरात मोकळ्या व्हणार. आमाला अजून इथंच नांदायचंय."

"नांदा की," बाई म्हणाल्या. "पण धाकल्या जावेला हाकलून कामून नांदायलाव?"

कदम सर हसले, मग जाता जाता म्हणाले, "बरं. तुमी बोला. तुमचा कप जोवर भरल्याला हाय तोवर आमी बाहेर बसतो." शब्दाचे पक्के निघाले तसे. त्यांनी सगळ्या तालुक्यांत फोन फिरवले.

मे महिन्यातली परभणी. ऑफिसच्या गेटसमोर मांडव घातला होता, पण वरचं कापड इतकं पातळ की ऊन गाळून खाली यायचं. जिंतूरकडचे, चारठाण्याकडचे, पाथरीचे मास्तर आणि बाया सतरंज्यांवर बसलेले. मीही गेले होते, रेखाच्या पोरीला सांभाळायला. रेखाला म्हटलं, तू पुढं बस, तुझं तोंड दिसू दे त्यांना. पोरगी उन्हानं कावली, रडायला लागली. बाई आत जायला निघाल्या होत्या, त्या वळल्या, पर्स उघडली, राजगिऱ्याचा लाडू काढून तिच्या हातात दिला. साखर उतरून चक्कर यायची म्हणून बाई पर्समध्ये कायम एक लाडू ठेवायच्या. मी म्हटलं, "बाई, तुमाला लागंल." म्हणाल्या, "आत पंखा हाय." आणि कदम सरांबरोबर आत गेल्या. सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात काही नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

पहिल्यांदा शेखभाई ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा एक कप भरलेला. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "बाई बसल्यात!" लोक हसले, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदाही तसंच. ऊन डोक्यावर आलं. पाण्याचा जार संपला. मांडववाला येऊन दोनदा विचारून गेला, किती वेळ, संध्याकाळी दुसरीकडं लग्नाचा मांडव द्यायचाय.

तिसऱ्यांदा शेखभाई आले आणि गेटातच थांबले. ट्रे खाली करून दाखवला. सगळे कप रिकामे.

"बाई चाय पी लिये," ते म्हणाले. त्यांनाच खरं वाटत नव्हतं.

मग काय विचारता. मांडव उठून उभा राहिला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'बाईंनी चहा घेतला', पुढे फुलं. जे अजून वाटेत होते ते तिथूनच माघारी फिरले. जीपवाले हाका मारायला लागले, जिंतूर, जिंतूर, पाथरी, आणि दिवसभर तापलेले लोक भराभर बसले. लांबचं जायचं, घरी जनावरं, लेकरं. मांडववाल्यानं दोऱ्या सोडल्या. मी रेखाला म्हटलं, "झालं माय तुझं." तिनं पदर तोंडात कोंबला आणि जमिनीवरच बसली.

आत काय झालं ते बाईंनी मला पुढे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. साहेब नमले होते. सहा महिन्यांचा करार तरी करतो, असं तोंडातून निघालं होतं. बाई म्हणाल्या, पूर्ण वर्षाचा. साहेब म्हणाले, वर फोन लावून विचारतो. ते खिडकीपाशी गेले, आणि तेवढ्यात बाईंच्या डोळ्यांपुढे अंधार आला. पर्स चाचपली, लाडू नव्हता. समोर चहा होता, ऑफिसातला, भरपूर साखरेचा. त्यांनी तो एका दमात घेतला. शेखभाई कप उचलायलाच आले होते. कदम सर कागद बघत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.

बाईंना हुशारी आली, तेव्हा साहेब अजून खिडकीतच उभे होते. फोन कानाला होता, पण बोलत नव्हते. बाहेर बघत होते. मांडवाचं कापड खाली येत होतं, लोक हसत जीपमध्ये चढत होते. साहेबांनी फोन खिशात घातला आणि खुर्चीत येऊन बसले.

"बाई, तुमची माणसं तर समाधानी दिसायलीत," ते म्हणाले. "मग आजचं इथंच थांबवू."

बाई बाहेर आल्या तेव्हा गेटसमोर चार बांबू, एक सतरंजी, रेखा, मी आणि पोरगी. एवढंच. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. मागून कदम सर आले, तेही बघत राहिले.

"कुठं गेले सगळे?" बाईंनी विचारलं.

मग मीच म्हटलं, "तुमी चहा घेतलात, म्हून गेले."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "त्यात साखर व्हती म्हून घेतला, मावशी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, थकलेला. रेखानं पोरीला उचललं. तिला समजलं होतं. ती पोरीच्या तोंडावरचे राजगिऱ्याचे दाणे पुसत राहिली.

पुढची बैठक झाली, तिच्या पुढचीही झाली. पण मांडव परत भरला नाही. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, कुणाचं लग्न, कुणाचं शेत. फोन केला की म्हणायचे, बघू. कायमवाल्यांना जवळच्या शाळा मिळाल्या. कंत्राटी लोकांचे करार झाले नाहीत. वस्तीवरच्या शाळेला जून महिन्यात कुलूप लागलं, पोरं झरीच्या मोठ्या शाळेत यायला लागली. रेखा पाथरीला भावाकडे गेली. तिथं देवळापाशी यात्रेकरूंसाठी फुलं-प्रसादाचं दुकान आहे, त्यात बसायला लागली.

लोक बोलले. बाईंना बोलले नाहीत, पण बोलले. एका कपानं घात केला, बाई आता थकल्या, असं. मी बाईंना म्हटलं, "अवं, चक्कर आली व्हती म्हून सांगा की सगळ्यांला."

"आणि मग? पुढच्या टायमाला म्हणतील, आजारी बाई हाय, हिला कशाला पाठवायचं."

"मग काय सांगता त्यांला?"

"तहान लागली व्हती, म्हणते."

कदम सरांना तरी खरं माहीत असावं. बाईंच्या निरोप समारंभात ते भाषणाला उभे राहिले आणि मधेच हातातला कागद खिशात घातला. मग नुसतं म्हणाले, "आमी उठलो. बाई बसल्या व्हत्या." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या का नाही ते लोकांना कळेना. बाईंनी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. त्या मान खाली घालून शालीचे गोंडे सरळ करत होत्या.

रिटायर झाल्यावर बाई परभणीला एका खोलीत राहायला गेल्या. मुलगा नाशिकला या म्हणत होता, त्या उद्या-परवा म्हणत होत्या. झरीच्या जीपमधून येणारे-जाणारे सांगायचे, बाई अजून ऑफिसात जायलेत, कंत्राटी लोकांचं घेऊन. मी फोनवर रागावले. "बाई, आता तुमी कोण म्हून जायलाव?"

"कुणीच न्हाई म्हून," त्या म्हणाल्या. "आधी साहेब मला बदलीची भीती दाखवायचे. आता कशाची दाखवतील?" आणि मग गुडघ्याचं सांगत बसल्या, कोणत्या तेलानं बरं वाटतं, कोणत्यानं नाही. पुढं मुलगा येऊन त्यांना घेऊनच गेला.

बाई नाशिकला जायच्या आधी मला एकदाच दिसल्या. मी डोळ्यांच्या दवाखान्यात जायला एसटीनं परभणीला गेले होते. ऑफिसच्या रस्त्यावर गाडी गर्दीत अडकली. मी खिडकीतून बघते तर गेटपाशी सात-आठ जण उभे. मांडव नाही, माईक नाही. साळवेबाई मधोमध, अंगानं अर्ध्या झालेल्या. शेजारी रेखा, इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले. दुकानातून सुट्टी घेऊन आली असणार. पोरगी बाईंचं बोट धरून उभी.

वॉचमननं गेट उघडलं. नेहमीसारख्या बाईच पुढे होतील असं मला वाटलं. त्यांनी रेखाच्या कानात काहीतरी सांगितलं. रेखानं जोरात मान हलवली, नाही नाही म्हणून. बाईंनी परत सांगितलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं तिला, हळूच, पहिलीतल्या पोराला फळ्याकडे ढकलावं तसं. रेखा गेटातून आत गेली. दोन पावलं चालून तिनं मागं वळून बघितलं. बाकीचेही तिच्या मागं गेले.

बाई गेल्या नाहीत. गेटाच्या बाहेरच दगडावर बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि एका हातानं गुडघा चोळायला लागल्या. मी काचेवर बोटं वाजवली. पण काच उघडेना आणि रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ. पोरगी त्यांना काहीतरी दाखवत होती, त्या वाकून बघत होत्या. आत रेखा काय बोलत असेल, कुणाला ठाऊक. गाडी हलली.